साडेचार फुटांखालची पानं

बोरीच्या झुडपांना जमिनीपासून साडेचार फुटांपर्यंत एकही पान नव्हतं. त्याच्या वर पानं दाट होती, आणि ती जिथून सुरू होत, ती रेघ सरळ होती, न्हाव्याने मानेवर वस्तरा फिरवून थांबावं तशी. निशाने सात झुडपांना टेप लावला. सगळ्यांत कमी भरलं ते चार फूट चार इंच, सगळ्यांत जास्त चार फूट आठ. आकडे वहीत उतरवून, तारीख घालून ती झुडपाखाली उकिडवी बसली आणि वर बघत राहिली. गाय-म्हैस ही खाली मान घालून जिभेने गवत ओढणारी जनावरं. काट्यांतून एकेक पान ओठांनी खुडायचं काम त्यांचं नाही. ते शेळीचं, आणि शेळी मागच्या पायांवर उभी राहिली की तिचं तोंड साधारण इथवरच पोचतं. म्हणजे इथे शेळ्या चरत होत्या. रोज, आणि बऱ्याच वर्षांपासून.

इतकं सोपं होतं ते. पण ते मोठ्याने म्हणायला निशाला नोव्हेंबरपासून मार्च उजाडला.

खडेवाडी हुपरीच्या रस्त्याला आहे. गावाच्या पूर्वेला बावीस एकरांचं गायरान. जमीन सरकारची, राखायची ग्रामपंचायतीने आणि चरायची गावच्या गुरांनी, ही व्यवस्था संस्थानाच्या काळापासूनची. १९९४ साली एका खाजगी क्लबने ती जमीन मागितली. सरकारने कळवलं की गायरान वापरात नसेल तर देता येईल, वापरात असेल तर देता येणार नाही; तरी पाहून कळवावे.

तेव्हापासून पाहणं चालू होतं. पहिला अधिकारी ऑगस्टात आला आणि त्याने लिहिलं, ‘पावसामुळे सर्वत्र गवत आहे, उन्हाळ्यात पाहावे.’ दुसरा तीन वर्षांनी मे महिन्यात आला. त्याने लिहिलं, ‘उन्हाळ्यामुळे गवत नाही, पावसाळ्यात पाहावे.’ तिसऱ्याने दोन्ही कागद वाचले आणि ते परस्परविरोधी असल्याचा शेरा मारून हिवाळा सुचवला. चौथा हिवाळ्यात येणार होता, पण तो दिवाळीतच निवृत्त झाला. मग २००३च्या हिवाळ्यात, गुरांचे डॉक्टर लाळ्या-खुरकुताच्या लसी टोचण्यात गुंतलेले असल्याने, हे काम कळंब्याकडच्या एका हायस्कूलच्या विज्ञानाच्या बाईंवर आलं. निशा कांबळे, बी.एस्सी. वनस्पतिशास्त्र, बी.एड. शाळेच्या प्रयोगशाळेतून तिने एक मीटर तारेची चौकट, टेप आणि दोनशे पानी वही बरोबर घेतली.

“काय हरवलंय काय गं, बाई?”

झुडपाच्या पलीकडून एक म्हातारी वाकून बघत होती. हातात काठी, डोईला पदर, आणि मागे शेळ्या. त्यांतली एक पुढचे दोन पाय फांदीवर टेकवून उभी होती आणि निशाच्या टेपचं टोक चघळत होती.

“नाही आजी. मोजतेय.”

“काय मोजतीस?”

“झुडपं.”

“मघाधरनं सातच मोजलीस. अडीचशे हायत.” म्हातारीने शेळीच्या तोंडातून टेप काढून परत दिला. “सोड गं शेवंते, सरकारचा हाय त्यो.”

तिचं नाव तानूबाई. शेळ्या सतरा. निशाने विचारलं, गायरान नसतं तर ह्यांना कुठे चारलं असतं? तानूबाईने काठीने चारी दिशा दाखवल्या. “हिकडं ऊस. तिकडं ऊस. त्या अंगाला रस्ता, ट्रॅक्टर धावत्यात. त्या अंगाला गणपतरावाचा ऊस. उसात तोंड घातलं तर पाय मोडत्यात, शेळीचा बी आणि माझा बी. मला एक गुंठा जमीन न्हाय. इकली न्हाय, कवा नव्हतीच. ह्या सतरा तोंडांवर माझं तोंड चालतंय. हे रान गेलं की मी शेळ्या बाजारात नेतो आणि घरात बसतो, दुसरं काय.”

निशाने ‘१७’ असं लिहिलं आणि तालुक्याने दिलेलं पाहणीचं पत्रक उघडलं. पत्रकात चार रकाने होते. गाय, बैल, म्हैस, एकूण. शेळी नव्हती.

निशा नेमकी बाई. रकाना नसताना मजकूर घालणं तिच्याने होत नसे. तिने तालुक्याला पत्र लिहून विचारलं, शेळ्या कुठे दाखवाव्यात? सहा आठवड्यांनी उत्तर आलं, शेळ्यांसाठी स्वतंत्र पत्रक आहे, सोबत जोडले आहे. त्या पत्रकात एकच प्रश्न होता. शेळ्या कुठे चरतात? (अ) स्वतःच्या जमिनीत. (ब) चरत नाहीत, बंदिस्त आहेत. खाली टीप, वरीलपैकी एकावर खूण करावी.

जानेवारीत सरपंच गणपतरावांनी तिला चहाला बोलावलं. उंच, पांढऱ्या स्वच्छ कपड्यांतला माणूस, बोलणं शांत. सोप्यात क्लबचा नकाशा टांगला होता. सगळा हिरवा, मधे मधे छोटी छोटी भोकं, आणि प्रत्येक भोकावर एक निशाण.

“हितं साब लोक येणार, काठीनं चेंडू मारत मारत चालत जाणार,” गणपतराव म्हणाले. “गावाला डांबरी रस्ता मिळतोय, पोरास्नी कामं मिळत्यात.”

“आणि हे हिरवं काय आहे?”

“गवत.”

“गवत तर आत्ताही आहे.”

“हे कुसळाचं हो. हे समदं उपटायचं आणि भायरनं आणून दुसरं लावायचं.”

“मग ते गवत कोण खाणार?”

“कोण न्हाय. कापायचं. दर दोन दिसाला, मशीननं.”

“कापून काय करायचं?”

“टाकायचं,” गणपतराव म्हणाले, आणि क्षणभर त्यांनाही ते कानाला कसंतरीच लागलं असावं, कारण त्यांनी चहा पुढे सरकवला. “घ्या, निवतोय. आणि बाई, गाव कुठलं तुमचं?”

“उचगाव.”

“आडनाव?”

“कांबळे.”

“असं व्हय,” गणपतराव म्हणाले. “बरं बरं. तानूबाई बी कांबळेच.” एवढंच. आवाजात काही नव्हतं. त्यांनी बिस्किटांची बशीसुद्धा स्वतः पुढे केली.

परत जाताना निशा एस.टी.च्या थांब्यावर बराच वेळ उभी होती. तिला आता दिसत होतं की ती जे काही म्हणेल, त्यातला पहिला शब्द तिचं आडनाव असणार आहे. ‘शेळ्या चरतात’ असं तिने म्हटलं, की गाव ऐकणार ‘हिच्या माणसांच्या शेळ्या चरतात’. मग तिने एकच गोष्ट केली, जी तिला येत होती. ती जास्त मोजू लागली. टेपला आडनाव नसतं. सात झुडपांची सत्तर झाली, सत्तरांची दोनशे तीस. दर रविवारी ती चौकट टाकून गवताची खुडलेली टोकं मोजायची, लेंड्या मोजायची. एका चौरस मीटरमध्ये दोनशे बारा लेंड्या, शेण शून्य. दुसऱ्यात एकशे नव्वद, शेण शून्य. तिने दोनदा मुदत वाढवून मागितली आणि दोन्ही वेळा मिळाली. ह्या फायलीला मुदतवाढ नाकारल्याचं कुणाच्या ऐकण्यात नव्हतं.

“पोरी, अजून किती मोजशील?” तानूबाई एकदा म्हणाली. “माझ्या सतराच्या एकोणीस झाल्या. शेवंती व्याली, दोन पिल्लं झाली, दोन्ही पाटी. तू मोजस्तवर ह्या दोघी बी व्यायच्या.”

निशाने वहीत सतरा खोडून एकोणीस केले. “आजी, नीट मोजलं नाही तर कुणी मानणार नाही.”

“नीट मोजलंस तर मानत्यात व्हय?”

निशाने चौकट उचलून पुढे टाकली.

फेब्रुवारीच्या शेवटी तालुक्याहून पत्र आलं. लेखी अहवालांनी दहा वर्षांत काही निष्पन्न झालेलं नसल्याने, पाहणी करणाऱ्याने निष्कर्ष ग्रामसभेत सर्वांसमोर तोंडाने सांगावा आणि तोच ठरावात जसाच्या तसा लिहून घ्यावा. तारीख ठरली, मार्चचा दुसरा शनिवार. सकाळी शेवटची पाहणी, दुपारी सभा.

गावात दोन गट होते. गणपतरावांना गायरान द्यायचं होतं. दूधसंस्थेचे चेअरमन आकाराम ह्यांना राखायचं होतं, कारण त्यांना तिथे दूध थंड करायचं केंद्र बांधायचं होतं. ते मनात होतं, ओठांवर गुरं होती. त्या शनिवारसाठी दोघांनीही आपापली तयारी केली, आणि निशा सकाळी नऊला गायरानात पोचली तेव्हा ती तयारी पूर्ण झालेली होती.

पहिली गोष्ट तिला दिसली ती जमिनीवरच्या रेघा. बावीस एकर रान झाडून काढलेलं होतं. ग्रामस्वच्छतेच्या नावाखाली गणपतरावांनी आदल्या दिवशी साठ बाया खराटे देऊन लावल्या होत्या. एक लेंडी राहिली नव्हती. गवतातून, बोरीखालून, दगडांच्या कपाऱ्यांतून खराटा फिरला होता.

दुसरी गोष्ट म्हणजे, त्या झाडलेल्या जमिनीवर दर वीस पावलांना शेण ठेवलेलं होतं. हे आकारामांचं. गुरं चरतात तर शेण पाहिजे, हे त्यांना सकाळी सातला सुचलं. पण गोठ्यातलं ताजं शेण तोवर बायकांनी थापून टाकलं होतं. पोरांनी मग जे मिळालं ते उचलून आणलं. निशा पहिल्या शेणापाशी बसली. गोल, दीड इंच जाड, वरच्या बाजूला पाच बोटांचा ठसा.

“ही शेणी आहे,” ती म्हणाली.

“शेणच हाय की,” आकाराम म्हणाले. बुटका, घाईचा माणूस, खिशाला चार पेनं. “म्हशीचं हाय. घरचं.”

“ह्याच्यावर बोटं आहेत.”

आकारामांनी वाकून पाहिलं. मग मागच्या पोरांकडे. “आर, पालथी तरी घालायची हुती,” ते हळूच म्हणाले.

तिसरी गोष्ट म्हणजे माणसं. गायरानाच्या मधोमध दीडशे माणसं उभी होती, आणि कडेला चहाचं पातेलं उकळत होतं.

“हे कोण?” निशाने विचारलं.

“गावकरी,” गणपतराव म्हणाले. “हितं वर्षानुवर्षं कोण फिरकत न्हाय, त्याचं साक्षीदार. इचारा कुणालाबी.”

निशाने जवळच्या एका धोतरवाल्याला विचारलं, “तुम्ही इथे येता का कधी?”

“न्हाय ओ. कोणच येत न्हाय,” तो म्हणाला आणि दीडशे माणसांनी मान डोलावली. “लई ओसाड हाय. जरा सरका बाई, चहावाला येतोय.”

मग गुरं आली. आकारामांनी गोठ्यागोठ्यांतून सोडवून आणलेल्या त्रेसष्ट म्हशी आणि नऊ जर्सी गाई. ही जनावरं पिढ्यान्‌पिढ्या दावणीला वाढलेली. वैरण समोर येते, पाणी समोर येतं, धार काढायला माणूस समोर येतो. त्यांना गायरानात सोडलं आणि ती उभी राहिली. पायाखाली गवत होतं. त्यांनी ते पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी गावाकडे तोंडं केली आणि कुणीतरी काहीतरी घेऊन येईल म्हणून वाट बघत राहिली. एक जर्सी गाय एवढ्या मोकळ्या जागेला भिऊन चहाच्या पातेल्यापाशी जाऊन चिकटून उभी राहिली. माणसांची सवय होती तिला.

“खा की गं,” आकाराम एका म्हशीला म्हणाले. त्यांनी तिची मान खाली दाबली. म्हशीने मान वर केली. त्यांनी पुन्हा दाबली.

“चरत नाहीयेत,” निशा म्हणाली.

“लाजत्यात. माणसं लई जमल्यात ना.”

अकराला, सुग्रासच्या, म्हणजे पेंडीच्या वेळेला, बहात्तर जनावरं एका सुरात हंबरू लागली. बायका गावातून बादल्या घेऊन पळत निघाल्या. शेवटी आकारामांनी ट्रॅक्टर बोलावला. ट्रॉलीभर उसाचं वाडं, म्हणजे तोडलेले हिरवे शेंडे, आलं, ते गायरानात पसरलं गेलं आणि गुरांनी खाली माना घातल्या.

“लिवा,” आकाराम घाम पुसत म्हणाले. “चरत्यात.”

“हे वाडं आहे. उसातलं.”

“पण हाय कुठं? गायरानात हाय की नाय?”

निशाने हे सगळं वहीत लिहिलं, वेळेसकट. तिला जे दिसत नव्हतं तेही तिने लिहिलं. तानूबाई नव्हती. शेळ्या नव्हत्या. दोनशे तीस झुडपं मात्र जागेवर होती, साडेचार फुटांपर्यंत साफ. त्यांना पानं कशी लावावी, हे दोन्ही गटांना सुचलं नव्हतं.

सभा ग्रामपंचायतीच्या अंगणात भरली. मांडव, तीन खुर्च्या, खाली सतरंज्या, आणि मागे ऑफिसची कुलूप लावलेली खोली. निशा खुर्चीवर बसली आणि तिच्या पाठीमागच्या दारातून आवाज आला. बेंऽ.

ती वळून बघायच्या आत गणपतरावांनी माईक उचलला. “तर मंडळी,” ते म्हणाले.

बेंऽ.

“तर मंडळी, आजचा इषय सगळ्यांस्नी ठावं हाय.”

आता तीन-चार आवाज एकदम आले, आणि दारावर आतून शिंगं घासल्याचा आवाज. समोर सहाशे माणसं बसली होती. कुणीही दाराकडे पाहिलं नाही. आकारामसुद्धा छताकडे बघत होते. शेळ्या दिसल्या तर गायरान वापरात ठरेल म्हणून गणपतरावांना त्या नको होत्या. शेळ्या दिसल्या तर जमीन खराब करतात म्हणून वरचे लोक ओरडतील, अशी भीती आकारामांना होती. दहा वर्षांत दोन्ही गटांचं एकमत झालेली ही एकच गोष्ट, आणि ती खोलीत कोंडलेली होती. किल्ली कोतवाल गुंडूच्या कंबरेला होती. तो खांबाला टेकून, हातांची घडी घालून, समोर बघत होता.

तानूबाई सतरंजीच्या बाहेर, मातीवर बसली होती. काठी मांडीवर आडवी. ती एकटीच दाराकडे बघत होती.

“माईक खराब हाय वाटतं,” गर्दीतून कुणीतरी म्हणालं, आणि बायकांत हसू फुटलं.

गणपतरावांनी पाच मिनिटांत आपलं सांगितलं. जमीन ओसाड. दीडशे साक्षीदार. आकारामांनी आपलं सांगितलं. त्रेसष्ट म्हशी, नऊ गाई, सकाळी सगळ्यांसमोर चरल्या. गुंडूने ठरावाचं रजिस्टर उघडून टेबलावर ठेवलं. त्यात वाक्य आधीच लिहून ठेवलं होतं, ‘पाहणी अधिकारी यांनी सांगितले की गायरान वापरात’, आणि पुढे मोकळी जागा. तिथे ‘आहे’ किंवा ‘नाही’ बसेल एवढीच.

“आता बाईंनी सांगायचं,” गणपतराव म्हणाले. मग माईक खाली करून, फक्त तिला ऐकू जाईल असं, अगदी मायेने म्हणाले, “हे बघा बाई. तुमी तुमच्या माणसांचं बघणार, त्यात वाईट काय न्हाय. पर उद्या लोक बोलतील. कांबळे बाई, कांबळ्यांच्या शेळ्या. तुमची नोकरी हाय. त्यापरास आणखी येकदा मोजायचं असंल तर मोजा. पावसाळ्यात या. काय गडबड न्हाय.”

हे सगळ्यांत सोपं होतं. चौथा अहवाल, पुन्हा पावसाळा. निशाने वही उघडली. दोनशे तीस झुडपं, प्रत्येकाची उंची, प्रत्येकाची तारीख. वहीची तीन पानं शिल्लक होती. तिने तानूबाईकडे पाहिलं. तानूबाईने तिच्याकडे पाहिलं नाही. ती ओठ हलवत होती. दारामागून एकेक बेंऽ आलं की ती एक बोट मिटत होती. सगळ्या आहेत ना, ते ती आवाजावरून मोजत होती.

निशाला एकदम वाटलं, ह्या अंगणात मोजणारी आपण एकटीच नाही.

ती उठली. माईक तिने घेतला नाही. शाळेत शेवटच्या बाकापर्यंत जातो, त्या आवाजात ती म्हणाली, “गुंडूमामा, माझं बोलणं जसंच्या तसं लिहून घ्यायचं आहे ना?”

“व्हय,” गुंडू म्हणाला.

“मग आधी हे लिहा. अहवाल देणारीचं आडनाव कांबळे.”

दारामागच्या शेळ्यासुद्धा थांबल्या, कुणास ठाऊक का. गुंडूने गणपतरावांकडे पाहिलं, मग पेन उचललं आणि लिहिलं.

“दोनशे तीस झुडपं मोजली. पानं सरासरी साडेचार फुटांपर्यंत खुडलेली आहेत. ज्याला खोटं वाटेल त्याने टेप घेऊन जावं. आडनाव कुठलंही असो, साडेचार फूटच भरेल. जागा पुरत नसेल तर मागच्या पानावर लिहा.”

“लिवतो,” गुंडू म्हणाला.

“म्हशी चरत नाहीत. त्यांना चरता येत नाही. माणसं चरत नाहीत, ती चहा पितात.”

कुणीतरी हसलं. गणपतरावांनी हात वर केला, तो तसाच राहिला. दारामागून शेवंतीचा आवाज आला, लांब आणि स्पष्ट. ह्या वेळी सहाशे माणसांनी माना वळवून दाराकडे पाहिलं. गुंडूने पेन खाली ठेवलं आणि कंबरेची किल्ली सोडायला सुरुवात केली.

“गायरान वापरात आहे,” निशा म्हणाली. “तानूबाईंच्या एकोणीस शेळ्या तिथे रोज चरतात, आणि वापरातलं गायरान देता येत नाही, म्हणून ते त्यांच्याकडेच राहील.”